पाटोद्याच्या वाटेवरची फटफटी

मी बोलतेय, बीडची एक जुनी फटफटी. कागदावर माझं नाव मोटारसायकल, पण ते इथे कुणाच्या तोंडात बसलं नाही. सातासमुद्रापलीकडे माझा जन्म झाला. निजाम सरकारच्या रस्ते खात्यातल्या एका इंजिनिअर साहेबासाठी मी बोटीने, मग रेल्वेने आणि शेवटी बैलगाडीत बसून बीडला आले. पहिल्याच दिवशी माझा आवाज ऐकून बाजारातल्या शेळ्या दावी तोडून पळाल्या.

साहेबाची बदली झाली तेव्हा माझं इंजिन बंद पडलं होतं. जाताना त्याने मला आपल्या हाताखाली रस्त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या ओव्हरसियरला, अर्जुनरावांना, देऊन टाकलं. त्यांनी महिनाभर खटपट करून मला चालू केलं. त्या दिवशी ते लहान मुलासारखे हसले. असं हसताना मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं.

जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, कचेरीला सुट्टी. त्या दिवशी सकाळी ते मला घेऊन मांजरसुंब्याचा घाट चढायचे. वर, जिथे पाटोद्याची आणि नेकनूरची वाट फुटते, तिथे लिंबाखाली भाकरी खायचे आणि परत फिरायचे. आठवडाभर पाठीवर घेतलेलं ओझं घाटातल्या वाऱ्यात हलकं व्हायचं. त्यांच्या मुठीची पकड सैल झाली की मला ते कळायचं. वत्सलाबाई, त्यांची बायको, दारातून एवढंच म्हणायच्या, "दिवे लागायच्या आत या."

मग प्लेग आला. सगळ्या खात्यांतली माणसं त्या कामाला जुंपली. ज्या घरात उंदीर मेला, त्या दारावर गेरूची फुली मारायची, ते घर वहीत लिहायचं आणि माणसांना गावाबाहेर माळावर झोपड्यांत काढायचं, हे अर्जुनरावांचं काम. मला पाहताच गल्ल्या रिकाम्या व्हायच्या. बायका पाय धरायच्या, म्हातारे शिव्या द्यायचे. घरी येऊन ते विहिरीवर हात धूत बसायचे, धूत बसायचे.

पौषातल्या एका जुम्म्याला त्यांच्याच कणगीखाली उंदीर मेलेला सापडला. सहा वर्षांची छबू पहाटेपासून तापली होती. जांघेत गाठ आली होती.

वत्सलाबाई अंगणात आल्या. "आवो, लोकायची घरं तुमी लिवता. आता आपलं कवा लिवायचं?"

अर्जुनराव त्यांच्याकडे बघेनात. "आलोच मी," म्हणाले आणि मला बाहेर काढलं.

मला वाटलं, डॉक्टरकडे निघालो. पण आम्ही घाट चढू लागलो. एवढ्या जोरात त्यांनी मला कधीच हाकललं नव्हतं. वळणावर माझं चाक दरीच्या कडेला घासून गेलं. लिंब आला. थांबले नाहीत. त्यांनी मला पाटोद्याच्या वाटेला वळवलं, आणि मी आतून गार पडले. त्या वाटेने पुढे आष्टी, त्यापुढे इंग्रजांचा मुलूख. त्यांच्या तोंडाने एकच चाललं होतं, "मला नाही बघवणार. मला नाही बघवणार."

काही मैलांवर रस्त्यालगत माळावर प्लेगमुळे गावाबाहेर काढलेल्यांच्या झोपड्या होत्या. माझी चेन उतरली ती नेमकी तिथेच. एक उंच शेतकरी काठी घेऊन आमच्याकडे येऊ लागला. आसाराम. महिन्यापूर्वी त्याच्या दारावर अर्जुनरावांनीच फुली मारली होती. अर्जुनराव माझ्याआड सरकले.

आसाराम जवळ आला. काठी त्याने खाली टेकवली. "साहेब, त्या दिशी तुमाला लई वंगाळ बोल्लो. पर गावात ऱ्हायलेल्या तीन घरांतली समदी मेली. माजी लेकरं जित्ती हाईत." मग त्याने अर्जुनरावांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "तुमची मंडळी कुटं हाईत?"

"घरी. पोरीला गाठ आलीय."

आसारामने बीडच्या दिशेला बघितलं. "मंग तुमी हिकडं कशापायी?"

अर्जुनराव मातीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. आसारामने माझी चेन चढवली, आणि माझं तोंड स्वतःच्या हाताने बीडकडे फिरवलं.

घाट उतरताना माझे ब्रेक तापून वास सुटला होता. अंगणात पोचलो तेव्हा घराला कुलूप होतं. दारावर गेरूची वेडीवाकडी फुली होती.

शेजारच्या कौशल्याबाई लांबूनच ओरडल्या, "वत्सलीनं सोता मारली फुली! पोरीला कडंवर घिऊन चालत गेली छावनीत. तुमाला हुडकलं, तुमी न्हवता!"

बीडची प्लेगची छावणी नदीपलीकडे, दोन मैलांवर. एका झोपडीपुढे वत्सलाबाई बसल्या होत्या. पाय रक्ताळलेले, मांडीवर छबू निपचित. अर्जुनराव पुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी पदराने छबूचं कपाळ पुसलं. मग म्हणाल्या, "पानी आना."

अकरा दिवस मी त्या झोपडीबाहेर उभी होते. रोज सकाळी शेजारच्या कुठल्या तरी झोपडीतून रडणं उठायचं आणि मी आमच्या झोपडीकडे कान लावायचे. बाराव्या दिवशी छबूने पेज मागितली.

छबू वाचली. आता ती घाटनांदूरला नांदते. वत्सलाबाईंनी त्या तीन तासांबद्दल नवऱ्याला कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पण पुढे अर्जुनरावांनी मला बाहेर काढलं की त्या जिथे असतील तिथे हातातलं काम थांबवायच्या. माझा आवाज परत येईपर्यंत त्यांच्या चुलीवरचं काही ना काही करपायचं. एक दिवस अर्जुनरावांच्या ते लक्षात आलं. त्या दिवसापासून त्यांनी मला गोठ्यात लावलं ते कायमचं.

आता माझे टायर उंदरांनी कुरतडलेत, टाकीला गंज चढलाय. माझी तक्रार नाही. जीव गुदमरला तर माणसाने वाऱ्यावर जावं, जरूर जावं. फक्त निघण्याआधी दारात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत एकदा बघा. मी तर यंत्र आहे. तुम्ही वळवाल तिकडेच जाईन, आणि जिथे जायला नको तिथे नेतानासुद्धा मला स्वतःहून थांबता येणार नाही.