टिंब दिसणारी स्क्रीन

"ही नको. हिच्यात मला माझंच कपाळ दिसतंय," काकू म्हणाल्या आणि चकचकीत स्क्रीनपासून मागे सरकल्या.

"पण रंग बघा ना काकू, कसे उठून दिसतात!" दुकानातली मुलगी म्हणाली.

"रंगांचं काय लोणचं घालू? मला काळी अक्षरं वाचायची आहेत."

काकू मुद्रितशोधक. छापायला जाण्याआधी पुस्तकातल्या चुका वेचायच्या, हा त्यांचा चौतीस वर्षांचा उद्योग. छापखान्यात त्यांना टिंबकाकूच म्हणत. अक्षराच्या डोक्यावरचा अनुस्वार हरवला की त्यांना घास गोड लागत नसे. आणि गेल्याच आठवड्यात, नर्सिंगच्या नव्या पाठ्यपुस्तकात तीन ठिकाणी 'सांधा'चा 'साधा' झालेला त्यांच्या नजरेतून सुटला. प्रकाशकाने वेळेत पकडला, आणि फोनवर साखर पेरत म्हणाला, "काकू, डोळ्यांना आता विश्रांती द्या."

"डोळ्यांना नाही, लॅपटॉपला देते," काकूंनी सुनावलं होतं. जुन्या स्क्रीनवर समोरची अख्खी खिडकी उतरायची, हे खरंच होतं. पण मनातून त्या घाबरल्या होत्या. दोष डोळ्यांचाच निघाला तर? काम सुटलं तर घरी बसून काय भिंती वाचायच्या?

म्हणून ही परीक्षा. गेल्या वर्षी छापलेल्या नर्सिंगच्याच एका पुस्तकातली चार पानं सोबत आलेल्या नवऱ्याने घेतली आणि त्यांत चुका घुसडल्या. किती, ते सांगायचं नाही. एका स्क्रीनला एकच पान, कारण एकदा वाचलेलं पान शोधकाला हमखास फसवतं.

चकचकीत स्क्रीनवर आठ सापडल्या. दुसरीचं रिझोल्यूशन भलतंच दांडगं, अक्षरं मुंगीएवढी. मुलीने ती मोठी करून दिली. रेखीव दिसली, पण छतावरचे दिवेही तितकेच रेखीव दिसले. दहा. तिसरी मॅट होती, चकाकीचं नाव नाही. पण रिझोल्यूशन कमी, त्यामुळे वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांना चिकटलेले. नऊ.

चौथी मॅट होती आणि रिझोल्यूशनही भरपूर. काकूंनी पान वाचलं. मग खालून वर पुन्हा वाचलं.

"बारा," त्या म्हणाल्या.

नवरा खूश झाला. "हरलीस! प्रत्येक पानात अकराच घातल्यात मी."

"बारावी तुमची नाहीच." काकूंचा आवाज उतरला. "पुस्तकातलीच आहे. औषध आकड्यांत 'पंचवीस मिली' छापलंय, आणि खालच्याच ओळीत अक्षरी 'अडीच'. मधलं टिंब गेलंय. हे पान मीच तपासलं होतं."

"जुन्या स्क्रीनवर दिसलं नसेल."

"'अडीच' तर दिसत होतं ना? टिंब असणारच असं धरून मी पुढे गेले. स्क्रीनच्या माथी कशाला मारू?"

"अगं, नर्सना कळतं एवढं."

"सगळं कळत असतं तर पुस्तक कशाला छापलं असतं?"

काकू मुलीकडे वळल्या. "हीच दे बाळा. डोळे शाबूत आहेत माझे." मग तिथेच, काउंटरला टेकून, त्यांनी प्रकाशकाला फोन लावला.

सगळं ऐकून तो म्हणाला, "काकू, वर्षभरात कुणाची तक्रार नाही. आणि 'सांध्या'नंतर आता हेही तुमच्याच तोंडून ऐकल्यावर, मी तुम्हाला पुढचं पुस्तक..."

"नका देऊ. पण शुद्धिपत्र आजच छापा आणि पुस्तक गेलंय तिथे तिथे पाठवा. लिहून घ्या. पान एकशे बारा, ओळ सात. दोन, मग दशांशचिन्ह, मग पाच. घेतलंत? आता वाचून दाखवा."

त्याने वाचून दाखवलं.

"परत एकदा," काकू म्हणाल्या. "सावकाश."