आतून लावलेली कडी

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. तिसऱ्या मजल्यावर पाच नंबरच्या खोलीला मला बसवलं आहे. मला घडवणारा सुतार मोठा हेकट होता. चौकट तसूभर वाकडी निघाली म्हणून त्याने मला दोनदा उतरवून पुन्हा बसवलं. त्याचा हेका थोडा माझ्यातही उतरला आहे.

आमच्या इमारतीत देशोदेशीची माणसं भाड्याने राहतात. माणूस कुठला आहे हे त्याच्या कपड्यांवरून कळो न कळो, तो दाराशी कसा वागतो यावरून मला कळतं. कुणी एका बोटाने टकटक करून चार पावलं मागे सरकतो, तर कुणी मला ढकलत ढकलतच हाक मारतो. माझी पहिली भाडेकरीण माझ्या बिजागऱ्यांना न चुकता तेल घालायची आणि "दरवाजा असावा तर असा" म्हणायची. नंतरच्यांनी माझ्यावर ओले कोट टांगले आणि मला लाथेने लोटलं. मी कुरकुरू लागलो, तर मलाच शिव्या मिळाल्या.

मग खोलीत घड्याळजी आले. घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून हे नाव पडलं. त्यांच्या देशात सख्खा भाऊसुद्धा विचारल्याशिवाय भावाच्या घरात शिरत नाही. आपलं दुखणं आपल्यापाशी ठेवावं, दुसऱ्याच्या डोक्याला ताप देऊ नये, अशी तिथली रीत. समोरच्या खोलीत लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या मावशी राहत. त्यांच्या देशात दार वाजवतो तो परका. आपलं माणूस सरळ आत येतं आणि चार कामं उरकूनच जातं.

मावशींनी घड्याळजींना पहिल्याच आठवड्यात आपलं मानलं आणि तिथेच पंचाईत झाली. एका सकाळी घड्याळजी पाणी भरायला गेले होते आणि मी नुसता लोटलेला होतो. टेबलावर पांढऱ्या कापडावर एका घड्याळाचे अडतीस सुटे भाग ओळीने मांडलेले होते. मावशींना तो पसारा वाटला. त्यांनी सगळे भाग एका वाटीत गोळा केले, कापड झटकलं आणि त्याची सुरेख घडी घातली.

घड्याळजी परतले ते पांढरेफटक पडले. "हे कुणी केलं?"

"मीच! कसं लख्ख झालं बघा."

"बाई, तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? शेजारी कशासाठी असतात मग?"

"शेजाऱ्याने शेजारी असावं. घरात नसावं."

मावशींचा चेहरा एवढासा झाला. त्याच दिवशी घड्याळजींनी मला आतून नवी कडी ठोकली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. कडीने दरवाज्याला रुबाब येतो. मावशी मात्र महिनाभर फिरकल्या नाहीत.

एका सकाळी घड्याळजी उठलेच नाहीत. पोट दाबून ते पलंगावर मुरगळून पडले होते आणि अंग तापाने फणफणलं होतं. एक हाक मारली असती तर समोर ऐकू गेली असती, पण त्यांनी मारली नाही. मला तर ना ओरडता येतं, ना आपणहून उघडता येतं.

मावशी कामाला निघाल्या, तर रोज त्यांच्या आधी बाहेर पडणाऱ्या घड्याळजींचे बूट अजून दाराबाहेरच. हा माणूस आणि उशीर? मावशींनी हात उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी दार वाजवलं.

"बरे आहात ना?"

"ठीक आहे," आतून क्षीण आवाज आला. "तुम्ही जा."

घड्याळजींच्या देशात एवढं ऐकलं की लोक निघून जातात. त्यात त्या माणसाचा मान असतो. मावशींच्या देशात आजारी माणूस 'जा' म्हणाला तर आणखी दोघं येतात. मावशी क्षणभर घुटमळल्या. मग आपल्या खोलीतून स्टूल आणून मला पाठ टेकून बसल्या.

"ऐका भाऊ. तुम्ही म्हटल्याशिवाय मी आत येणार नाही. पण इथून हलणारही नाही."

"तुमचं काम?"

"इस्त्री पळून जात नाही."

"मला कुणाचे उपकार नकोत."

"उपकार कसले? मी नुसती बसलेय."

तासभर त्या बसल्या. मधूनमधून एकदा टकटक करायच्या, बस्स. शेवटी घड्याळजी पलंगावरून उतरले आणि रांगत माझ्यापर्यंत आले. हात वर केला, पण तो कडीपर्यंत पोचेना. त्या दिवशी मला माझ्या कडीचा पहिल्यांदा राग आला.

"मावशी," ते म्हणाले, "कडीला हात पुरत नाही."

"मग सांगा, काय करू?"

 मग ते सरकत बाजूला झाले आणि म्हणाले, "तोडा."

एवढा अवघड शब्द त्या माणसाच्या तोंडून कधी निघाला नसेल. मावशींनी खांदा लावला. मी जन्मभर घट्ट राहायला शिकलो होतो, पण त्या वेळी ठरवून सैल पडलो. कडी उखडली आणि माझी एक फळी उभी चिरली. मावशींनी त्यांना तडक दवाखान्यात नेलं; आणखी तासाभराने आणलं असतं तर आतडं फुटलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

घड्याळजी बरे होऊन आले. त्यांनी माझी चीर बुजवली, बिजागऱ्यांना तेल घातलं आणि कडी पुन्हा बसवली. मावशी आजही दार वाजवूनच येतात. मित्रांनो, दारं सांभाळा, आणि कुणाच्या दारातून 'ठीक आहे' ऐकू आलं तर लगेच पाठ फिरवू नका. आणि जे आत आहेत त्यांनी कडी खुशाल लावावी. फक्त ती कुठे लावायची ते येऊन माझ्याकडे बघावं. घड्याळजींनी ती आता जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवली आहे.