राउटरला हात कोणी लावायचा

गाण्याच्या बाईंचा ऑनलाइन क्लास हल्ली सारखा अडकायचा. पलीकडची शिष्या पेशाने दातांची डॉक्टर. ती आलाप घ्यायला तोंड उघडायची आणि पडद्यावर तशीच उघड्या तोंडाने थिजून जायची. "पेशंट झाली बिचारी," असं बाईंचे यजमान दारातून म्हणायचे आणि बाई त्यांना डोळ्यांनीच बाहेर घालवायच्या.

यजमान निवृत्त नकाशाकार. साठी ओलांडली तरी मोठी बहीण त्यांना 'बाळ' म्हणायची, त्यामुळे अख्ख्या गल्लीत ते बाळच. ही बहीण, म्हणजे ताई, जन्मभर ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. निवृत्तीनंतर नुकतीच भावाकडे राहायला आली होती आणि अजून पाहुणीसारखीच वागत होती. चहा हवा असला तरी "तुम्ही घेताय का?" असं आडून विचारायची.

बाईंनी शेवटी राउटरच्या कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमचं फर्मवेअर फार जुनं झालंय. अपग्रेड करून घ्या."

"म्हणजे नवा राउटर?"

"नाही हो. आत जो प्रोग्राम चालतो ना, तो बदलायचा. मोबाइलच्या ॲपवरून करा, नाहीतर कॉम्प्युटरवर राउटरचं पान उघडून तिथलं बटण दाबा, नाहीतर आमच्या साइटवरून फाइल उतरवून ती चढवा. तुम्हाला सोपं पडेल ते."

फोन ठेवला आणि घरात तीन पक्ष पडले. एक बाईंचा, दुसरा बाळ यांचा. तिसरा ताईंचा, पण ताई अजून बोलल्या नव्हत्या.

"ॲप!" बाई म्हणाल्या. "बसल्या जागी होतं."

"बसल्या जागी बिघडतंसुद्धा," बाळ म्हणाले. त्यांनी कालच एक व्हिडिओ पाहिला होता. "त्यापेक्षा कंपनीचं काढूनच टाकू. बाहेरच्या लोकांनी बनवलेलं मोकळं फर्मवेअर मिळतं, फुकट. वेग दुप्पट!"

"अहो, तुम्हाला फोनची रिंग बदलता येत नाही."

"मला तीच रिंग आवडते."

ताई कोपऱ्यात मटार सोलत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "मध्येच वीज गेली तर काय होतं याचं?"

बाळने शोधून वाचून दाखवलं. काम चालू असताना वीज गेली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो.

"आणि चुकीची फाइल घातली तर?"

"तेच."

ताईंनी मटार बाजूला सारले, पदर खोचला. "मग आधी पेशंट तोच आहे का ते बघा. नाव कुठे लिहिलंय याचं?"

राउटर उलटा केला. खाली चिकटवलेल्या कागदावर मॉडेल होतं, त्याच्यापुढे आवृत्तीचा आकडा होता आणि पानात शिरायचा पासवर्डही होता. आकडा बाळ आतापर्यंत गृहीत धरून चालले होते त्यापेक्षा वेगळा निघाला. ताईंनी तो बाळला मोठ्याने वाचायला लावला.

"आपण तिघंही यात नवखे," ताई म्हणाल्या. "ज्या पद्धतीत आपल्याला कमीत कमी शहाणपण दाखवावं लागेल, ती घ्यायची. फाइल आपण निवडायची म्हणजे चुकायला जागा. बाहेरचं तर नकोच. ॲपही चाललं असतं, पण ते वायफायवर, आणि वायफायच तर तुटतंय. वायर जोडा, राउटरचं पान उघडा. त्याची फाइल त्यालाच शोधू दे."

बाई चहा टाकायला उठल्या, ताई त्यांच्या मागे गेल्या. परत आल्या तर बाळ लॅपटॉपपाशी घाम पुसत उभे. पडद्यावर त्यांनी चढवलेल्या बाहेरच्या फाइलच्या नावाखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: ही फाइल या उपकरणासाठी नाही.

"मी फक्त बघत होतो," बाळ म्हणाले.

"डबीला अक्कल आहे म्हणून वाचली," ताई म्हणाल्या. "तू आता प्लगपाशी उभा राहा. कुणी धक्का लावायचा नाही. तूसुद्धा नाही."

आधी जुन्या सेटिंगची प्रत लॅपटॉपवर साठवली. मग बाईंनी 'नवीन आवृत्ती शोधा' दाबलं. सापडली. 'अपग्रेड' दाबताना त्यांनी डोळे मिटले. निळी पट्टी सरकू लागली, निम्म्यावर आली आणि तिथेच बसली.

"अडकलं! बंद करून परत चालू करू का?"

"हात मागे घे." ताईंचा आवाज त्या घरात पहिल्यांदाच एवढा चढला. "आत काम चालू असताना दार उघडायचं नसतं."

बाईंनी हात मागे घेतला. बाळ प्लगपाशी श्वास रोखून उभे. राउटरचे सगळे दिवे विझले. बाईंनी ताईंचा दंड घट्ट धरला. मग एक दिवा लागला, दुसरा लागला आणि पान आपणहून पुन्हा उघडलं. नवी आवृत्ती.

"श्वास घे रे बाळ," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीच्या क्लासला पडदा एकदाही थिजला नाही. शिष्येचा आलाप प्रथमच सलग ऐकू आला आणि बाईंचा चेहरा उतरत गेला. इतके दिवस ज्याला त्या नेटचा दोष समजत होत्या, तो शिष्येचा गळा होता. मधल्या सुट्टीत त्या ताईंकडे आल्या. "आता कसं सांगू हो हिला?"

"सरळ सांगायचं. पण आधी जे बरं आहे ते सांगायचं."

बाईंनी तसं सांगितलं. दातांची डॉक्टर मोकळं हसली. "हुश्श! मला वाटायचं, नेटमुळे तुम्हाला माझ्या चुका ऐकूच येत नसतील, म्हणून तुम्ही बोलत नाही. चला, 'सा'पासून."

संध्याकाळी बाळ मित्राला फोनवर सांगत होते, "सोपं असतं रे. आम्ही फर्मवेअर काल बदललं. मुख्य जबाबदारी वीजपुरवठ्याची, ती माझ्याकडे होती."

स्वयंपाकघरातून ताईंनी हाक मारली, "जबाबदार माणसा, चहा टाकलाय मी. कप घेऊन ये."