पाचवा फाऊल

बोटाला पट्टी बांधून घेताना कॅप्टन खिडकीबाहेर बघत बसायची. बोट दुखत होतं म्हणून नव्हे, ते आता फारसं दुखतही नव्हतं. पण पट्टी बांधणाऱ्या मुलीच्या तोंडाकडे बघायची तिची छाती होत नव्हती.

पट्टी बांधायची शिडी. पहिल्या वर्षापासून दोघी हॉस्टेलच्या एकाच खोलीत, आणि युनिव्हर्सिटीच्या एकाच बास्केटबॉल टीममध्ये. शिडीचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी घेत नसे. दारातून आत येताना मान वाकवावी लागणाऱ्या मुलीला दुसरं काय नाव पडणार? हात मात्र तिचे हलके. करंगळीशेजारचं बोट मधल्या बोटाला जोडून ती चिकटपट्टीचे वेढे असे घ्यायची, की बोट हलू नये आणि रक्तही अडू नये. शेवटचं टोक नखाने दाबून अगदी सपाट बसवायची.

"घट्ट झाली का गं?"

"नाही."

"मग तोंड का असं केलंयस? नॅशनलला निघालीयस, फाशीला नाही."

कॅप्टन हसली. हसणं भागच होतं.

हे बोट भलतंच गाजलं होतं. विभागाच्या फायनलमध्ये, अगदी शेवटी, सुजलेल्या बोटानिशी कॅप्टनने बास्केट मारली आणि युनिव्हर्सिटीच्या मुली पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरल्या. क्रीडा विभागाच्या फळ्यावर तिचा फोटो लागला. कुलगुरूंनी अभिनंदन करताना जपून डावा हात पुढे केला. तिच्या आईने तर फोनवरून अख्ख्या नात्यात त्या बोटाचं इतकं रसभरीत वर्णन केलं, की धाकट्या मावशीने घाबरून विचारलं, बोट जागेवर आहे ना? कौतुक करणाऱ्यांची रीघ लागली, पण बोट नेमकं कशाने मुरगळलं हे एकानेही विचारलं नाही. आणि कॅप्टनने आपण होऊन सांगितलं नाही.

घडलं होतं ते एवढंच. फायनलची शेवटची काही मिनिटं उरलेली, दोन्ही टीम बरोबरीत. समोरच्यांची एक ठेंगणी, चपळ पोरगी बॉल घेऊन बास्केटखाली घुसली. एका बाजूने कॅप्टन, दुसऱ्या बाजूने शिडी, अशा दोघी तिच्यावर धावल्या. बॉलवर सगळ्यांचे हात एकदम पडले. त्यातला एक हात मात्र बॉलवर न पडता त्या मुलीच्या मनगटावर पडला, आणि त्या हाताचं बोट तिच्या मनगटपट्ट्यात अडकून पिरगळलं. कळ थेट खांद्यात गेली. शिट्टी वाजली.

या टीमची एक रीत होती. त्यांच्या कोच बाई, ज्यांना मुली समोर मॅडम आणि पाठीमागे फौजदार म्हणत, त्यांनी ती घालून दिलेली. जिने फाऊल केला तिने स्वतःच हात वर करायचा, रेफरीने बोट दाखवायची वाट बघायची नाही. सरावात तर रेफरी नसायचाच. कुणाचा हात वर गेला नाही, तर सगळ्या टीमने कोर्टाला फेऱ्या मारत राहायचं. मॅडम भिंतीला टेकून मुकाट बघत राहायच्या. हळूहळू हे इतकं अंगवळणी पडलं, की मेसमध्ये ग्लास फुटला तरी एखादीचा हात वर जायचा. बाहेरच्या स्पर्धांतले रेफरीही या मुलींना त्या रीतीवरून ओळखत.

कॅप्टनचाही हात वर निघाला होता. कानापर्यंत आलाही. तेवढ्यात तिला आठवलं, आपले चार झालेत. पाचवा फाऊल लागला की खेळाडू बाहेर, मग ती कॅप्टन असो की कुणी. हात कानापाशी थबकला, त्याने एक बट कानामागे सारली आणि तो खाली आला.

रेफरी उभा होता मागच्या बाजूला. त्याला गर्दीतला सगळ्यात उंच हात दिसला, आणि त्याने शिडीचा नंबर दाखवला. चार शिडीचेही झालेले होते. आणि त्या वेडीने हात वर केला. रेफरी म्हणतोय म्हणजे आपलाच असणार, असं धरून. हातांच्या त्या गुंत्यात कुणाचा हात कुठे लागला हे खात्रीने फक्त एकीला सांगता आलं असतं, आणि ती केस सारखे करत होती.

शिडी बाकावर जाऊन तोंडावर टॉवेल घेऊन बसली. कॅप्टनने मॅच जिंकून दिली.

मॅच संपल्यावर सांगू, असं तिने ठरवलं होतं. मॅच संपल्यावर मुलींनी तिला खांद्यावर घेतलं. खांद्यावर बसून असलं काही सांगता येत नाही. मग सत्कार झाला. मग वाटलं, आता झालं ते झालं, कशाला सगळ्यांच्या आनंदात विरजण घालायचं? खोटं बोलायला माणसाला निदान तोंड तरी उघडावं लागतं. हिला तेवढेही कष्ट पडले नव्हते.

आणि मग फळ्यावर नॅशनलची यादी लागली. जाणाऱ्या मुलींत शिडी नव्हती. सगळ्यांत खाली, रेघ मारून, तिच्या नावापुढे 'राखीव' असं लिहिलं होतं.

कॅप्टन तडक मॅडमच्या खोलीत गेली. खोलीला नेहमीसारखा रबराचा वास येत होता. मॅडम खुर्चीत बसून, पंप पायात धरून बॉलमध्ये हवा भरत होत्या.

"मॅडम, शिडीला का वगळलं?"

"सेमीफायनलला पाच फाऊल करून बाहेर गेली, तेव्हाच मी तिला बजावलं होतं. पुन्हा असं केलंस तर बसवीन. फायनलला पुन्हा तेच. ऐन मोक्याच्या वेळी."

"रेफरीचं चुकलं असेल."

"चुकेल ना, रेफरी माणूसच आहे. पण हात तिने स्वतः वर केला की नाही?" मॅडमनी बॉल जमिनीवर आपटून बघितला. "माझ्या मुली हाताने खोटं बोलत नाहीत."

कॅप्टन तिथेच उभी होती. शब्द अगदी ओठांवर आले होते. मॅडमनी मान वर करून तिच्याकडे बघितलं, आणि त्या कधी नव्हे त्या हसल्या.

"मैत्रिणीसाठी भांडायला आलीस, बरं वाटलं मला. कॅप्टन अशीच असावी. जा आता, बोट जप."

"थँक्यू मॅडम," कॅप्टन म्हणाली आणि बाहेर आली. थँक्यू! व्हरांड्यात आल्यावर तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. शिडीचं शेवटचं वर्ष होतं. कॅप्टनचंही शेवटचंच होतं, आणि तोंड न उघडायला तेवढं एक कारण तिला पुरत आलं होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी शिडीनेच तिची बॅग भरायला घेतली. कॅप्टनला घड्या धड घालता येत नाहीत, असं तिचं पहिल्यापासूनचं मत होतं. मोजे गुंडाळता गुंडाळता ती एकदम म्हणाली, "एक बोलू? हसायचं नाही."

"बोल."

"मला तुझी माफी मागायची होती. त्या फाऊलबद्दल."

कॅप्टन खाटेवर टेकली.

"मी नीट खेळले असते ना, तर तुला शेवटी एकटीने ओढायला लागलं नसतं. त्या बोटाने. मी बाकावर बसून नुसती बघत होते तुझा हात." शिडीचं लक्ष मोज्यांकडेच होतं. "रोज सकाळी पट्टी बांधताना म्हणेन म्हणेन करत होते. धीरच होईना. म्हटलं, पट्टी तरी नीट बांधू."

म्हणजे इतके दिवस रोज सकाळी ही त्यासाठी पट्टी बांधत होती. कॅप्टनला वाटलं, आत्ता, या क्षणी सांगून टाकावं. तिने तोंड उघडलंही. पण तोंडातून निघालं ते असं:

"असू दे गं. होतं असं कधीकधी."

शिडीने सुटकेचा श्वास सोडला. मग कपाटातून तिने नवीकोरी नी-पॅडची जोडी काढली. नॅशनलसाठी म्हणून घेऊन ठेवलेली, अजून पाकिटातलीच. "तुझ्या फाटल्यात. ही ने. माझं तेवढं तरी कोर्टावर उतरेल," ती म्हणाली आणि तिने ती पॅड बॅगेत सगळ्यांत वर ठेवली. कॅप्टनला जेवण गेलं नाही. आपण केलेल्या चुकीची आपणच दुसऱ्याला माफी द्यायची, इतकी खालची पायरी असते हे तिला तोवर माहीत नव्हतं.

सकाळी बस फाटकापाशी उभी होती. शिडी निरोप द्यायला आली होती. आली होती म्हणजे काय, बॉलची पोती टपावर चढवत होती, पाण्याच्या बाटल्या आत देत होती, आणि पहिल्या वर्षाच्या पोरींना दम देत होती की रेफरीशी हुज्जत घालाल तर बघा. मग ती येऊन कॅप्टनच्या खिडकीखाली उभी राहिली. उंचीमुळे तिचं डोकं जवळजवळ खिडकीला लागत होतं.

आत मॅडमनी हजेरी सुरू केली. नाव घेतलं की हात वर करायचा. सगळ्यांत शेवटी कॅप्टनचं नाव आलं आणि तिने हात वर केला. वहीत खूण करून मॅडम ड्रायव्हरकडे वळल्या. वळून बघतात तो हात तसाच वर.

"झाली हजेरी. घे खाली."

"मॅडम, फायनलचा तो फाऊल माझा होता."

"कोणता?"

"शिडीचा पाचवा. तो तिचा नव्हता. माझं बोट त्या मुलीच्या मनगटपट्ट्यात अडकलं होतं. म्हणून सुजलं."

ड्रायव्हरने गाडी बंद केली. मॅडम दोन सीटांमधून हळूहळू मागे आल्या.

"मग तेव्हा हात वर का नाही केलास?"

"माझेही चार झाले होते."

"आणि माझ्या खोलीत आलीस तेव्हा?"

कॅप्टनने मान खाली घातली.

"मी त्या पोरीला नको नको ते बोलले," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "आणि तुला शाबासकी दिली."

"यादीत ती राखीव आहे मॅडम. मी उतरते, तिला घ्या."

मागच्या सीटवरून कुणीतरी वैतागून म्हणालं, "आता सांगून काय उपयोग? इतके दिवस होते. आता तिथे जाऊन आम्ही काय हरायचं?" तेही खरंच होतं. कॅप्टनशिवाय ही टीम पहिल्याच मॅचला गारद झाली असती, तर त्याचंही पाप तिच्याच माथी होतं. तिने मागे वळून बघितलं नाही. मॅडम काहीतरी म्हणतील, निदान थांब म्हणतील, अशी एक हलकट आशा तिच्या मनात होती, आणि ती आपल्याला वाटतेय याचीही तिला लाज वाटली.

"उतर," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी दारातून हाक मारली, "शिडी, बॅग आण."

खिडकी उघडीच होती. शिडीने सगळं ऐकलं होतं. ती फाटकाशेजारच्या वॉचमनकाकांच्या खोलीत गेली आणि तिथून आपली बॅग घेऊन आली. भरलेली, चेन लावलेली, वर बूट बांधलेले. ऐनवेळी कुणी आजारी पडलं तर, अशा आशेवर तिने ती कधी भरून ठेवली असेल देव जाणे. एकाच खोलीत राहून कॅप्टनला त्याचा पत्ता नव्हता.

बसच्या दारात दोघी समोरासमोर आल्या. मॅचमध्ये एक बाहेर येते आणि दुसरी आत जाते, तेव्हा दोघी तळव्यावर तळवा मारतात. कॅप्टनचा हात सवयीनेच पुढे झाला. शिडीने त्या हाताकडे बघितलं. तिनेच सकाळी बांधलेली पट्टी होती, टोक अगदी सपाट बसलेलं.

"काल मी माफी मागितली," शिडी म्हणाली, "तर तू म्हणालीस, असू दे."

कॅप्टनचा हात तसाच राहिला.

"माझी नी-पॅड दे."

कॅप्टनने बॅग उघडली. पॅड वरच होती. शिडीने ती घेतली, पायरीवर मान वाकवून आत शिरली, आणि रिकाम्या झालेल्या खिडकीपाशी न बसता पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. बस निघाली. एकीनेही हात हलवला नाही.

काकांनी फाटक लावून घेतलं आणि वळून बघितलं, तर कॅप्टन बॅग पायाशी ठेवून तिथेच उभी.

"अगं, सगळ्या गेल्या की. तू खाली कशी काय राहिलीस?"

"माझे पाच झाले, काका," ती म्हणाली.