वसुधा नोकरीला निघाली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना, पाठीला कुबड असलेला दूरदर्शन संच आहे. सोलापूरच्या विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत, कस्तुराबाईंच्या घरातल्या एका फळीवर माझे आयुष्य गेले.

कारखान्यात मला जोडणारे हात आठवत नाहीत. नवी पेठेतल्या दुकानातून रिक्षात मला मांडीवर घेऊन आलेले कस्तुराबाईंचे यजमान, शहाजीराव, तेवढे आठवतात. त्या दिवशी माझ्या काचेला हळदकुंकू लागले आणि अर्धी गल्ली दारात जमली. आता शहाजीराव नाहीत. माझ्या चित्रावर एक हिरवी रेघ कायमची उमटली आहे. तरुण माणसे आपापल्या फोनमध्ये पाहतात. माझ्याकडे पाहतात त्या दुपारी दोन वाजता मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसणाऱ्या बायका.

त्यांचे हात मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा गुंडाळायचा. नजर माझ्यावर असते, तरी हात थांबत नाहीत. मालिकेतल्या वसुधाला तिच्या नवऱ्याने कानाखाली मारले, त्या दिवशीही ते थांबले नाहीत. "पुरुष हाय, डोकं तापतंय," शेजारच्या वैजयंतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचे पान उचलले.

मग एका दुपारी वसुधाने बॅग भरली. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. उंबऱ्यात ती सासूला एवढेच म्हणाली, "मी जाते."

सगळे हात एकदम थांबले. कडाकडा बोटे मोडली गेली.

"लई माजलीया भवानी!"

"सासूचं तोंड तरी बग की आक्का. रडतीया बिचारी."

"आसली माज्या घरात आसती ना," कस्तुराबाई म्हणाल्या, "बॅगंसकट भाईर काडली आसती."

"आक्का, ती सोताच भाईर चाललीया की!" वैजयंतीबाई म्हणाल्या आणि हशा पिकला.

त्यांच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात, चहाचा ट्रे घेऊन प्रियदर्शनी उभी होती. ती कस्तुराबाईंची सून. लग्नाआधी करमाळ्यात तिने नर्सिंगचे शिक्षण घेतले होते. पुण्याच्या एका दवाखान्याने तिला नोकरीसाठी बोलावले होते आणि शनिवारपर्यंत उत्तर मागितले होते. "आई व्हय म्हणली तर मी कुटं न्हाय म्हणतोय?" असे तिचा नवरा भारत म्हणाला होता. सकाळी घर रिकामे असताना माझ्या काळ्या काचेसमोर तिने एक वाक्य पुन्हापुन्हा म्हणून पाहिले होते: "आत्याबाई, मला एक इचारायचं हुतं."

तिने चहा खाली ठेवला.

"काय गं, तोंड का उतरलं?"

"काय न्हाय, आत्याबाई. साखर बराबर हाय का बगा."

वसुधाचा अपराध कोणता, याचा मी पुष्कळ विचार केला. केम या गावी नवी सून असताना कस्तुराबाईंची तिथल्या बालवाडीवर शिक्षिका म्हणून निवड झाली होती. सासरे नको म्हणाले, आणि कस्तुराबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. हे त्यांनी एकदाच, विडी वळता वळता, वैजयंतीबाईंना सांगितले होते. नवऱ्याचा मार या बायकांच्या ओळखीचा आहे. त्याच्यावर रागावून काही होत नाही, हे त्या केव्हाच शिकल्या. दार उघडून निघालेली बाई मात्र त्यांना सोसत नाही. आपणही निघू शकलो असतो का, असे ती न बोलता विचारते. त्या बोटे मोडतात ती बहुधा त्या प्रश्नावर.

शिव्या फक्त याच घरातून गेल्या नसाव्यात. मालिका लिहिणारेही घाबरले. शुक्रवारी वसुधा परत आली आणि तिने सासूच्या पायांवर डोके ठेवले. "आता कशी शानी झाली," कस्तुराबाई म्हणाल्या. ते चित्र मलाच दाखवावे लागले.

शनिवारी दुपारी प्रियदर्शनी माझ्याजवळ आली. तिने माझा आवाज वाढवला, माझ्याकडे पाठ केली आणि फोनवर हळूच म्हणाली, "मॅडम, मला नाही जमणार."

"कुणाचा फोन गं?"

"मोबाइल कंपनीचा हुता, आत्याबाई."

या घरात सर्वांत मोठा आवाज माझा. तिला तो स्वतःचा आवाज झाकण्यापुरताच उपयोगी पडला.

मित्रांनो, माझ्यातल्या एखाद्या बाईला नावे ठेवाल, तेव्हा क्षणभर मागे वळून पाहा. मी तुमच्या समोर असतो, म्हणून तुमच्या पाठीमागे उभी असलेली बाई मला दिसते. तिच्याविषयी तुम्हाला काही सांगणे मात्र माझ्या हाती नाही.