बर्फ पडला

माझ्या जिभेला हाड नाही, असं सेलिन लग्नापासून म्हणत आली आहे. सेलिन माझी बायको, बहरीनमध्ये मुहर्रकच्या हॉस्पिटलात नर्स. तिचं सगळंच मी मान्य करतो असं नाही. पण चौऱ्याण्णवच्या जानेवारीत जे झालं, त्यानंतर या एका बाबतीत वाद घालणं सोडून दिलं.

मी एडवर्ड, वसईचा. तेव्हा बहरीनमध्येच सित्र्याला बर्फाच्या कारखान्यात क्लार्क होतो. टायपिंग, व्हिसाचे कागद, लीवचे अर्ज, मालकाच्या मुलांच्या शाळेचे फॉर्म, सगळं माझ्याच टेबलावर. मासळीवाल्यांना बर्फाच्या लाद्या पुरवायच्या, एवढाच आमचा धंदा. लाद्या काढणाऱ्यांत सिराज मुख्य. रत्नागिरीकडचा, पंचेचाळिशीचा, अठरा वर्षं बहरीनमध्ये. कंपनीच्या बसमधून सगळ्यांच्या शेवटी उतरायचा आणि सगळ्यांच्या आधी कामाला लागायचा. अख्ख्या कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून दुपारचा डबा एकत्र. तो कमी बोलायचा. त्याची भरपाई मी करायचो.

त्याच्या मुलीचा, आतिकाचा निकाह तीस जानेवारीला ठरला होता. रमजानच्या आधी उरकायचा म्हणून रविवार पक्का केलेला. ही पोरगी रांगत होती तेव्हा हा विमानात बसला. तिचं पहिलं पाऊल, शाळेचा पहिला दिवस, टायफॉइड, दहावी, सगळं याला पत्रातून कळलं. निकाहाला मुलीच्या वतीनं बाप बसतो, परवानगी तो देतो. सिराजला आयुष्यात एवढंच एक हवं होतं, आणि तो ते डबा उघडताना रोज एकदा म्हणायचा. बाकीचं माझ्यामागं झालं, हे तरी समोर होऊ दे. लीवचा अर्ज मी स्वतः टाइप केला होता. तो सहीविना माझ्या ड्रॉवरमध्ये पडला होता, कारण मालकाचा मूड बघून कागद पुढं करायचा, ही माझी पद्धत. या पद्धतीचा मला फार अभिमान होता.

मालक अबू सालेह. भला माणूस, पण गंमत म्हणून कशाला म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं. पंधरा तारखेला त्यानं मला आत बोलावलं. शाळांना सुट्टी लागणार होती आणि तो कुटुंब घेऊन तुर्कस्तानला निघाला होता. इस्तंबूल वगैरे नाही. पार पूर्वेला, एर्झुरूमच्याही पुढं डोंगरात, जिथं हिवाळ्यात पुरुषभर बर्फ असतो आणि लोक पायाला फळ्या बांधून त्यावरून घसरतात. मुलांनी टीव्हीवर स्कीइंग बघून हट्ट धरला होता. आणि मुलांपेक्षा मोठा हट्ट म्हाताऱ्याचा. मालकाचे वडील ऐंशीचे. तरुणपणी समुद्राच्या तळाशी बुड्या मारून मोती काढलेला माणूस. मरण्याआधी आकाशातून बर्फ पडताना बघायचाय म्हणून बसला होता.

आता या म्हाताऱ्याला तिकडं सांभाळणार कोण? घरचा ड्रायव्हर नाही म्हणाला होता. मालकानं मला विचारलं, थल्जमधलं कळणारा कोणी भरवशाचा माणूस आहे का तुझ्या नजरेत?

अरबीत कारखान्यातल्या लादीलाही थल्ज म्हणतात आणि डोंगरावर पडतो त्यालाही थल्जच. आपलं तरी काय वेगळं आहे? हिम शाळेच्या पुस्तकात. तोंडात दोन्हीला बर्फच.

मी म्हटलं, आहे की. आपला सिराज. अठरा वर्षं थल्जमध्येच उभा आहे.

गंमत केली हो. मी हसलोसुद्धा. मालक हसला नाही. त्यानं मान डोलावली, बेल दाबली आणि सिराजला बोलावून घेतलं. सिराज ओल्या गमबुटांनी दारातच उभा राहिला. मालक त्याला म्हणाला, एडवर्ड सांगतो तुला थल्जमधलं सगळं कळतं, खरं ना? सिराजनं माझ्याकडं बघितलं. मी पेनाचं टोपण बघत होतो. तो जरा थांबला आणि 'ऐवा' म्हणाला. म्हणजे हो.

पटकन मी अर्ज आणला. मालकानं तिथल्या तिथं सही केली. गुरुवारी सत्तावीसला सगळे परत येणार, शुक्रवारी सिराज मुंबईच्या विमानात, शनिवारी गावात, रविवारी निकाह. वर मुंबईचं तिकीटही मालकाकडून. माझी छाती फुगली. बाहेर आल्यावर मी सिराजला म्हटलं, बघा, लीव मिळाली, तिकीट मिळालं आणि थंड हवेची सहलही. तो म्हणाला, मना थंडीची काय सहल, मी रोज थंडीतच असतो. पण हसला.

घरी, बुसैतीनच्या फ्लॅटवर, मी हे सेलिनला रंगवून सांगितलं. तिनं विचारलं, आणि गुरुवारी नाही आले तर? मी म्हटलं, मुश्किल मफी, काही अडचण नाही. ती कांदा चिरत राहिली.

तिकडचं सगळं सिराजनं मला नंतर सांगितलं. पहिल्या सकाळी मालकानं त्याला उतारावर नेलं आणि विचारलं, कसा आहे थल्ज, मुलांना सोडू का? आता याला काय ठाऊक? यानं लादी ठोकतात तसं बोटाच्या सांध्यानं ठोकून बघितलं. हात कोपरापर्यंत आत गेला. लादी मधून नीट गोठली नसली की आमच्याकडं कच्ची म्हणतात. यानं सांगून टाकलं, कच्चा आहे. मालकानं मुलांना दिवसभर हॉटेलात बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या शिकवणाऱ्यानं खो खो हसत त्यांना बाहेर काढलं. पण मालकाचा विश्वास ढळला नाही. सावध माणूस बरा, म्हणाला.

म्हाताऱ्याचं मात्र सिराजनं मनापासून केलं. दोन कांबळी गुंडाळून काचेपाशी बसवायचं, मोजे शेकून घालायचे, नमाजाला पाणी कोमट करून द्यायचं. म्हातारा त्याला बुड्या मारण्याच्या गोष्टी सांगायचा आणि मधेच विचारायचा, पडणार कधी? कारण जमिनीवर बर्फ होता, पण सहा दिवसांत आकाशातून एक कण पडला नव्हता.

बुधवारी हॉटेलवाला मालकाला म्हणाला, हवा बिघडतेय, आजच खाली उतरा, उद्या रस्ता मिळेल न मिळेल. मुलांनी तोंड वेंगाडलं. म्हाताऱ्यानं सिराजची बाही धरली आणि एक दिवस मागितला. मालकानं निवाडा सिराजवर टाकला. तुला थल्ज कळतो, तू सांग, निघायचं का?

एका वाक्याचं काम होतं. 'निघा' म्हणायचं. सिराज म्हणाला, "अरबाब, मला ठाऊक नाय." मालकाला वाटलं, हवेचं ठाऊक नाही म्हणतोय. ते राहिले.

रात्रीपासून बर्फ पडायला लागला. म्हातारा काचेपाशी बसून मुलासारखा हसत होता म्हणे. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, रस्ता बंद. शनिवारी सकाळी ऑफिसात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. सिराज होता. तिथून हिंदुस्थानचा फोन लागत नव्हता, बहरीनचा कसाबसा लागला होता. आवाज विहिरीतून यावा तसा. म्हणाला, "एडवर्डभाई, मी पोचत नाय. गावात रहिमतुल्लाच्या दुकानात फोन करा. खदिजाला सांगा, माझ्या जागी माझा भाऊ उबेद बसेल. माझी परवानगी हाय. निकाह थांबवू नका." मग म्हणाला, "आतिकाला सांगा..." आणि पुढं काही बोललाच नाही. लाइन चालू होती, मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग ती तुटली.

खरं सांगतो, तोवर मला हे सगळं गमतीचंच वाटत होतं.

दुपारी रत्नागिरीची लाइन मिळाली. रहिमतुल्लाचं किराणा दुकान, गावातला एकच फोन. त्यानं खदिजाला, सिराजच्या बायकोला, लग्नघरातून बोलावून आणलं. या बाईशी मी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होतो. म्हटलं, भाभी, मी एडवर्ड, सिराजभाईंच्या कंपनीतला. सिराजभाई उद्या येऊ शकत नाहीत. ती म्हणाली, का? मी म्हटलं, बर्फ पडला.

तिनं विचारलं, "त्यांच्या अंगावर?"

मी कपाळाला हात लावला. अठरा वर्षं नवरा लाद्या उचलतोय. एकेक लादी माणसापेक्षा जड. तुर्कस्तानचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं; सिराज म्हणाला होता, घाबरेल, घरी गेल्यावर सांगीन. तिच्या घरात बर्फ पडला म्हणजे एकच गोष्ट. मी ओरडून सांगायला लागलो, नाही भाभी, तसा नाही, आकाशातून, आणि लाइन गेली. संध्याकाळपर्यंत मी तो नंबर फिरवत होतो. लागला नाही.

रविवारी सकाळी लागला. रहिमतुल्लानं उचलला. म्हणाला, घरात रडारड आहे. नवऱ्याकडचे काल संध्याकाळीच येऊन गेले, समजुतीनं घेतायत. उबेद बसायला तयार आहे. पण पोरगी ऐकत नाही. अब्बाचं काय झालं ते कळल्याशिवाय मी कबूल म्हणणार नाही, म्हणतेय. तुम्ही नीट सांगा, माणूस जिवंत आहे ना?

सिराजनं निरोप दिला होता, थांबवू नका. दोन वाक्यांत सगळं सरळ झालं असतं. माणूस धडधाकट आहे, परदेशात अडकलाय, उरकून घ्या. निकाह दुपारी लागला असता, उबेद बसला असता, आणि सिराजला तोही फोटोतच दिसला असता. माझ्या कानात अजून त्याचा तो श्वास होता. मी म्हटलं, जिवंत आहे. हातपाय शाबूत आहेत. बर्फ पडलाय, त्यामुळं आज निघता येत नाही. तीन-चार दिवसांत येतो. थांबवता आलं तर थांबवा.

यात एक शब्द खोटा नव्हता. मी दोनदा तपासून बघितला. बर्फ कुठं पडला, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

ते थांबले. सोमवारी संध्याकाळी सिराज बहरीनला उतरला, मंगळवारी मुंबईला, बुधवारी सकाळी गावात. गुरुवारी निकाह लागला आणि मुलीच्या वतीनं तोच बसला. मला हे एका ओळीच्या तारेनं कळलं. तार वाचून ऑफिसच्या खुर्चीत बसून मी रडलो, हे सेलिनलाही सांगितलेलं नाही.

ईद करून मार्चमध्ये तो परत आला. डबा खाताना त्यानं फोटो काढून दिला. आतिकानं बापाची बाही मुठीत धरली होती. मी म्हटलं, सिराजभाई, त्या दिवशी केबिनमध्ये मालकाला का नाही सांगितलंत, मी गंमत करतोय म्हणून? सरळ लीववर गेला असता.

"मालकासमोर तुमचा शब्द खोटा कसा पाडू?" तो म्हणाला. "तुमचीपण नोकरी हाय." मग म्हणाला, "तिथं 'ऐवा' म्हटलं ते तुमच्यासाठी, तेवढं जमलं. बुधवारी माझ्यासाठी खोटं बोलायची पाळी आली, ते नाय जमलं. नायतर निघालो असतो."

मला वाटलं, इथं माझी सुटका झाली. त्यानं मला निकाह मिळवून दिल्याबद्दल काही म्हणावं, अशी माझी आशा होती. लाज वाटते, पण होती.

त्यानं पिशवीतून आमसुलांचा पुडा काढला. खदिजानं पाठवला होता. म्हणाला, मी पोचलो तर तिनं आधी सदरा काढायला लावला. पाठ बघितली, खांदे बघितले, बरगड्या दाबून बघितल्या. शनिवार ते बुधवार तिच्या पोटात अन्न नव्हतं. रहिमतुल्लानं तिला तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले होते. बर्फ पडलाय, हातपाय शाबूत आहेत. हातपाय म्हणाला, डोक्याचं का नाय बोलला, असं ती चार दिवस सगळ्यांना विचारत होती.

मी घास खाली ठेवला. म्हटलं, भाभींना सांगा, माझं चुकलं.

"तिनं तुम्हाला एक विचारायला सांगितलंय," सिराज म्हणाला. आवाजात राग नव्हता. "त्या माणसाच्या घरचं कोणी लांब असतं का?"

मी म्हटलं, नाही. सगळी माझ्याजवळच असतात. त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि कामावर गेला.