नेडीनचा पोकळ हातोडा

आयडाहोतल्या आपल्या गॅरेजमध्ये नेडीनने स्वतः भरलेली काडतुसं टेबलावर मांडली. एखाद्यात बारूद दोनदा पडली असावी, असा तिला संशय होता. पण बाहेरून सगळी सारखीच दिसत होती.

"पक्कड घे, गोळी ओढून काढ आणि आतली बारूद तोलून बघ," भाऊ रॉस्को म्हणाला. कमरेला रिव्हॉल्व्हर लावून तो नेमबाजीला निघाला होता.

"एवढ्या आखूड गोळीवरून पक्कड सटकते." तिने भिंतीवरचा, काडतुसातून गोळी काढायचा पोकळ हातोडा काढला आणि त्याच्या डोक्यात एक काडतूस अडकवलं.

"अगं, भरलेलं काडतूस ठोकतेस? हात जाईल तुझा!"

"मागच्या टोपीवर घाव बसला तरच काडतूस उडतं, आणि इथे तिला काही लागत नाही. हिसक्याने गोळी सुटते. तू लांब हो."

तरी ओंडक्यावर पहिला घाव घालताना तिने दात आवळले. गोळी आणि बारूद हातोड्याच्या पोकळीत पडली. तिने बारूद तराजूवर ओतली. वजन बरोबर होतं. पुढच्या काडतुसाचंही बरोबर. त्याच्या पुढच्यातून मात्र भसकन ढीग पडला. तराजूने दुप्पट वजन दाखवलं.

"हे उडालं असतं तर रिव्हॉल्व्हर हातातच फुटलं असतं," ती पुटपुटली.

रॉस्कोचा चेहरा उतरला. त्याने जपून रिव्हॉल्व्हर उघडलं आणि आतली काडतुसं टेबलावर ठेवली.

"मघाशी तुझ्याच डब्यातून घेतली होती गं. हीपण उघड."